जिन्याची जाळी

आमच्या इमारतीची जाळी मीच बंद करून घेतली.

लक्ष्मीपुरीतली ही तीन मजली इमारत, स्वातंत्र्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांतली, वर-खाली सगळी ऑफिसंच. दुसऱ्या मजल्यावर मी लोकांचे टॅक्सचे कागद बघत बसतो. दर्शनी बाजूला जिन्याला खालपासून वरपर्यंत सिमेंटची जाळी आणि तिच्या माथ्यावर सिमेंटच्याच अक्षरांत इमारतीचं नाव. ते नाव गावात कुणाला माहीत असेल तर शपथ. हुपरीहून आलेला माणूस ऐन दारात उभा राहून फोन करणार, इमारत कुठं हाय म्हणून. अरे बाबा, मान वर कर की जरा! शेवटी मी सांगायला लागलो, टाइपरायटर वाजतोय तिथं वर या. जिन्याच्या पहिल्या वळणावर, जाळीला टेकून, एक म्हातारे टायपिस्ट मामा अर्ज टाइप करत बसायचे. त्यांची टकटक जाळीतून थेट रस्त्यावर जायची.

मग मी भाडेकरूंचा सचिव झालो आणि माझ्या अंगात आलं. इमारत नजरेत भरली पाहिजे म्हणून जाळीवर चकचकीत निळे पत्रे ठोकून घेतले. नावही त्याखाली गडप. मामा तेव्हा नात्यातल्या एका लग्नासाठी कुरुंदवाडला गेलेले. परत आले तर टेबलावर अंधार. मी बल्ब लावून दिला. तर वाऱ्याअभावी घाम टपटप कागदावर. आणि टकटक रस्त्यावर ऐकू जाईना, त्यामुळं गिऱ्हाईक फिरकेना. चार दिवस मामा जिन्यात बिनकामाचे बसून होते. मला मात्र उसंत नव्हती. दिवसभर फोन, इमारत गेली कुठं?

शेवटी पत्रे काढायचं ठरवलं, तर पत्रेवाला म्हणाला, पुढच्या महिन्याशिवाय काढायला माणूस नाही. तोवर मी खाऊ काय, असं विचारून मामांनी टेबल उचलवलं आणि सरळ माझ्या ऑफिसात खिडकीपाशी मांडलं. टकटक खिडकीतून पुन्हा रस्त्यावर जायला लागली आणि दुपारपर्यंत माणसं वर यायला लागली. माझ्या दोन्ही खुर्च्या त्यांच्या गिऱ्हाइकांनी अडवल्या. मी आपला कपाटाला खेटून उभा.

एका पावण्यानं माझ्याकडं बोट करून मामांना विचारलं, हे कोण?

मामांनी मानही वर केली नाही. "त्ये व्हय? जाळी बंद केली ती ह्येंनीच. कामाचं काय आसंल तर मला इचारा."