पदवीची मागची बाजू

विद्यापीठाच्या फाटकासमोर झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं एक अरुंद दुकान आहे. त्याच्या मालकाचं खरं नाव विद्यार्थ्यांपैकी कुणाला ठाऊक नाही. यंत्रातून गरम कागद बाहेर आला की तो काउंटरवर एकदा आपटायचा आणि म्हणायचं, "घ्या, कडक झालं!" ही त्यांची सव्वीस वर्षांची सवय. त्यावरून पोरांनी त्यांना कडककाका करून टाकलं. काकांचीही काही तक्रार नव्हती.

लॅमिनेशनवर या माणसाचा जीव. घरातला एकही कागद उघड्या अंगाने फिरत नाही. लेकीचं लसीकरणाचं कार्ड तर त्यांनी सगळ्या लशी व्हायच्या आधीच प्लॅस्टिकमध्ये घातलं होतं. पुढच्या लशींच्या नोंदी नर्सबाईंना मार्करने प्लॅस्टिकवरच कराव्या लागल्या आणि त्या घरी पोचेपर्यंत पुसल्या गेल्या. काकूंनी तेव्हा जे ऐकवलं ते काका विसरलेत, काकू नाहीत.

तर अशा माणसाच्या लेकीला पदवी मिळाली. घराण्यातली पहिली. समारंभ संपल्यावर लोक फोटो काढत उभे राहिले आणि काका प्रमाणपत्र घेऊन थेट दुकानात. सर्वांत जाड प्लॅस्टिक, सर्वांत चांगली फिनिशिंग. आनंदाने डोळे भरून आले होते, पण हात मात्र सरळ चालला.

दोन वर्षांनी त्याच लेकीला पाणी-तपासणीच्या शिक्षणासाठी परदेशातल्या कॉलेजात जागा मिळाली. आता फक्त एक पात्रता पत्र यायचं राहिलं होतं. ते कॉलेजने पाठवल्याशिवाय व्हिसाच्या कचेरीत कुणी खुर्चीसुद्धा देत नाही. त्यासाठी कॉलेजची अट एकच: मूळ पदवीच्या मागच्या बाजूला विद्यापीठाचा पडताळणीचा शिक्का हवा आणि त्याची प्रत विद्यापीठानेच पाठवायला हवी. मुदत शुक्रवारपर्यंत.

सोमवारी बापलेक अभिलेख कक्षाच्या खिडकीशी उभे राहिले. तिथल्या बाईंनी प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"शिक्का कुठे मारू मी? शाई धरतच नाही प्लॅस्टिकवर." त्यांनी एका कोपऱ्यात शिक्का टेकवून दाखवला, वरून अंगठा फिरवला. नुसता जांभळा डाग उरला.

"मग दुसरी प्रत मिळेल का?" लेकीने विचारलं.

"मिळेल ना. तीन महिने लागतात."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. बाई त्यांच्याकडे वळल्या. "काका, तुमचंच ना हे काम? दरवर्षी दहा-बारा मुलं अशी रडकुंडीला येऊन उभी राहतात इथे. बहुतेक तुमच्याकडूनच आलेली."

"त्यांचं काय होतं मग?"

"काय होणार? एखाद्याचं वर्ष जातं."

सव्वीस वर्षं आपण लोकांचे कागद राखतो आहोत, अशी काकांची ठाम समजूत होती. लेक परतताना एका शब्दाने बोलली नाही, त्याचं त्यांना जास्त लागलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मंगळवारी त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि काकूंचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन बसले. सरावाला बळी म्हणून निवडली स्वतःची दहावीची गुणपत्रिका. तशी ती जपून ठेवण्यासारखी नव्हतीच. कडा कापल्या, गरम वारा दिला, पुढचं प्लॅस्टिक हळूहळू सोडवलं, तर शाई त्याच्यासोबतच निघून आली. गणितातले अडतीस गुण उलटे होऊन प्लॅस्टिकला चिकटले. कागदावर काही राहिलं नाही.

काकांनी कपाळावर हात मारला. मग तीच गुणपत्रिका पालथी घातली. मागे शाईच नव्हती, तर जाणार काय? मागचं प्लॅस्टिक निघालं. कागदाला थोडी लव आली, पण तो शाबूत राहिला.

"अगं, शिक्का मागेच मारतात ना?" ते लेकीकडे बघून ओरडलेच. "मग पुढचं काढायचंच कशाला?"

लेक धावत जाऊन बाईंना विचारून आली. बाईंनी नियमाचं पुस्तक काढून बोट फिरवलं होतं. मागील कोऱ्या बाजूवर शिक्का, एवढंच लिहिलं होतं. पुढच्या बाजूबद्दल अक्षर नव्हतं. "पण कागद फाटलेला असला तर मी हात लावणार नाही," असंही त्यांनी बजावलं होतं.

बुधवारी दुपारी खरं काम सुरू झालं. लेकीने ड्रायर धरला, काकांनी पातळ पातं. अर्ध्यापर्यंत प्लॅस्टिक शहाण्यासारखं निघालं. मग एका जागी ते घट्ट धरून बसलं आणि त्याच्याबरोबर कागदाचा पापुद्रा उचलला जाऊ लागला.

आणि तिथे काकांच्या मनात नको ते आलं. जरा जोरात ओढलं की संपलं. तीन महिने जातील, मग हे वर्ष जाईल, मग पुढच्या वर्षी कोण जातंय? पोर घरात राहील. सकाळी तिच्या हातचा चहा मिळेल, दुकानात ती डबा घेऊन येईल. कुणी दोषही देणार नाही, प्लॅस्टिकचाच दोष.

त्यांनी पातं खाली ठेवलं. "पाणी दे जरा," म्हणाले. तांब्याभर पाणी प्यायले, हात शर्टाला पुसले, स्वतःची मनातल्या मनात चांगली खरडपट्टी काढली आणि दुसऱ्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. पाऊण तास लागला. शेवटी प्लॅस्टिक अखंड निघालं आणि कागद पुढच्या बाजूला वळला, पण कुठे फाटला नव्हता.

खिडकीशी बाईंनी शिक्का मारला, फुंकर घातली आणि वरून अंगठा फिरवला. शाई हलली नाही. त्यांनी झोकात सही ठोकली. "जा आता. प्रत आजच पाठवते." काकांचा जीव भांड्यात पडला. इतका की बाईंचे आभार मानायचे राहून गेले आणि त्यांना जिन्यावरून परत जावं लागलं.

शुक्रवारी सकाळी पात्रता पत्र आलं. काकांनी दुकानातच ते छापलं आणि साध्या फाइलमध्ये ठेवलं. तेवढ्यात एक विद्यार्थिनी नवी कोरी पदवी घेऊन आली, तर काकांनी तिला हटकलं, "पुढे शिकायला जायचंय का कुठे? मग हिला प्लॅस्टिक नको." गिऱ्हाईक परत गेलं. लेक स्टुलावर बसून बघत होती.

"बाबा, परवा मध्येच हात का थांबवला होता तुम्ही?"

तहान लागली होती, असं सांगता आलं असतं. पण आठवडाभराचं ओझं उतरलं होतं, त्यात हे एक कशाला ठेवायचं?

"फाटलं तर तू राहशील, असं आलं मनात," काका म्हणाले. "लाज वाटली गं."

लेक फाइलचा कोपरा दुमडू लागली.

"ते तिथेच का अडकलं माहितीये?" ती म्हणाली. "मी ड्रायर लांब धरला होता. मुद्दाम. थोडाच वेळ."

मग दोघंही असे हसत सुटले की शेजारचा चष्मेवाला डोकावून गेला. हसता हसता लेकीचे डोळे वाहायला लागले आणि काकांचेही. काकांनी शर्टाच्या बाहीने आधी तिचं तोंड पुसलं, मग स्वतःचं.

"म्हणजे आपल्या दोघांच्या नाकावर टिच्चून निघालंय ते," ते म्हणाले. "आता मात्र तुला जावंच लागेल, बाळा."