रेकॉर्डिंगमधला हो

आमच्या सोसायटीत मला मागासलेली म्हणतात, हे मला ठाऊक आहे. गेटवर आलेल्या पाहुण्याला हल्ली फोनमधल्या ॲपवरून आत सोडतात. मी वॉचमनला सांगून ठेवलंय, माझ्याकडे कोणी आलं तर इंटरकॉम वाजव, मी आवाजावरून माणूस ओळखते. समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ खिडकीपाशी उभे राहून टेबलावरच्या बोलक्या डबीला विचारतात, आज बाहेर ऊन कसं आहे. मी त्यांना एकदा म्हटलं, अहो, मान वळवा की. तेव्हापासून ते लिफ्टमध्ये माझ्याकडे बघत नाहीत.

मी बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत खरेदी विभागात नोकरी केली. दाखवलेला नमुना आणि आलेला माल एकच आहे का, हे बघणं माझं काम. विकणारा जितका गोड बोलेल तितकं त्याचं खोकं आधी उघडायचं, ही सवय त्या खुर्चीने लावली आणि निवृत्तीनंतरही गेली नाही. माठ घेताना लोक बोटाने वाजवून बघतात, नारळ कानाशी नेऊन हलवतात, त्यात कोणाला मागासलेपण दिसत नाही. इंटरनेट वाजवून घ्यायला गेलं की मात्र लगेच दिसतं.

तसं माझं इंटरनेटशी वैर नव्हतं. हॉलच्या भिंतीतून आलेली एक वायर होती, तिच्या टोकाला लुकलुकणारी डबी, आणि ती मुकाट चालायची. कंपनी मोठी. सोसायटीने तिच्याशी करार केला तेव्हा बाकी सगळ्यांच्या वायरी गच्चीवरून कापून टाकल्या. त्यात गावठाणातल्या आमच्या जुन्या केबलवाल्याचीही गेली, जो फोन केला की चहा उकळेपर्यंत दारात हजर व्हायचा. सभेत मी म्हटलं, एकाच दुकानाला सगळी बिल्डिंग बांधून देऊ नका, उद्या तो दुकानदार आपल्याला ओळख दाखवणार नाही. विरोधात हात वर करा म्हणाले तेव्हा सगळ्या सभेत माझा एकटीचा हात होता. तो मी मुद्दाम जरा जास्त वेळ वर ठेवला.

पण वायर चालत होती, आणि त्या वायरीवर माझ्या नवऱ्याचं बोलणं अवलंबून होतं.

हे द्रोणागिरीला कंटेनरच्या गोदामात गेटवर होते. कागद पुरे नसतील तर ट्रक आत घ्यायचे नाहीत, मग मालकाचा फोन येवो की आणखी कोणाचा. खाडीकाठच्या गावातला माणूस, बोलला तर बांधापलीकडे ऐकू जाईल असा आवाज. निवृत्त झाल्यावर त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय बराच सुधारला, उजवा हात थोडासा, पण बोलणं गेलं. समजत सगळं होतं. तोंडातून मात्र एकच शब्द यायचा, हो. चहा हवा? हो. चहा नको? हो. दुखतंय का कुठे? हो. ते मुके झाले असते तर मी सोसलं असतं. हे मला सोसवत नव्हतं, कारण कोणीही यावं आणि त्यांच्या तोंडून काहीही वदवून घ्यावं अशी त्यांची अवस्था होती.

त्यांना बोलायला शिकवणारी एक थेरपिस्ट आम्हाला मिळाली. ती नाशिकला असते. व्हिडिओवर यायची, तोंड कॅमेऱ्याजवळ आणायची आणि एकेक अक्षर ओठांनी दाखवायची. तिने मला समजावलं होतं, काकू, काकांचा हा हो उचकीसारखा आहे, तो त्यांनी म्हटलेला नसतो, आपोआप सुटतो. तो सुटण्याआधी त्यांना आवरता आला की पुढचे शब्द येतील. म्हणून ती चमचा हातात धरून विचारायची, ही वाटी आहे का? हे म्हणायचे, हो. ती म्हणायची, काका, आधी बघा, मग बोला. पुन्हा हो. असं रोज चालायचं. मग एके दिवशी ‘चहा’मधला ‘च’ आला. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि पुन्हा बाहेर येऊन त्यांना रागवले, की इतके दिवस काय लपवून ठेवला होता?

थेरपिस्टचं आणखी एक सांगणं होतं. घरातला फोन वाजला की त्यांना उचलू द्यायचा, समोरच्या आवाजाची सवय होऊ द्यायची. तसा एका दुपारी त्यांनी उचलला. मी आत कोळंबी सोलत होते. बाहेरून हो, हो, असं ऐकू येत होतं. मला वाटलं, नणंद असेल. बरं वाटलं, की कोणीतरी त्यांच्याशी निवांत बोलतंय.

नंतर काही दिवसांनी मी बँकेत गेले होते. घरी यांच्याजवळ नणंद बसली होती, यांची धाकटी बहीण, उरणकडच्या गावाहून अधूनमधून येते. मी परतले तर भिंतीतली वायर गायब, तिच्या जागी भोक, आणि बाल्कनीच्या काचेवर एक पांढरा डबा चिकटवलेला. नणंद म्हणाली, “कंपनीचा मानूस आलता. मना वाटला, तुमीच बोलावला हाय त्याला.”

तो डबा हवेतून इंटरनेट खेचतो म्हणे. सकाळी खेचायचा. दुपारी, म्हणजे नेमका यांच्या शिकवणीच्या वेळेला, त्याचा जीव जायचा. थेरपिस्टचे ओठ आधी हलायचे आणि आवाज नंतर यायचा. ती ‘पा’ दाखवायची तेव्हा ऐकू यायचा ‘मा’. मधेच तिचं तोंड उघडंच राहून चित्र गोठायचं. हे आधी वाकून वाकून बघायचे. मग त्यांनी मान वळवायला सुरुवात केली, आणि एका दुपारी डाव्या हाताने फोन पालथा घातला. थेरपिस्ट मला म्हणाली, “काकू, त्यांना ओठ आणि आवाज एकत्रच मिळायला हवेत. असंच चाललं तर जे आलंय तेही जाईल.”

तो ‘च’ जाणार म्हणजे! मी कंपनीच्या हेल्पलाइनवर तुटून पडले. आधी यंत्र बोललं, मग एक मुलगी. तिने सांगितलं की आम्हाला अपग्रेड दिलेलं आहे. मी म्हटलं, मी मागितलं नव्हतं. ती म्हणाली, “मॅम, कनेक्शन सरांच्या नावावर आहे आणि सरांनी स्वतः कन्सेंट दिलाय. कॉल रेकॉर्डेड आहे.” म्हणजे त्या दुपारचा फोन कंपनीचा होता. मी तिला सांगितलं की माझा नवरा हो सोडून काही बोलूच शकत नाही. ती म्हणाली, “एक्झॅक्टली मॅम, सर हो बोलले.”

आता ही लढाई नुसत्या वायरीची राहिली नव्हती. आजारी माणसाच्या तोंडातून निसटलेला शब्द कंपनीने उचलला होता आणि त्याच्यावर धंदा केला होता. दुसऱ्या कंपनीची वायर सोसायटी आत येऊ देणार नव्हती, हे तर होतंच. पण आली असती तरी मी घेतली नसती. कमिटीतल्या एकाने सल्ला दिला, “काकू, जमाना वायरलेसचा आहे, थोडं ॲडजस्ट करा.” मी म्हटलं, मी नवऱ्याशी ॲडजस्ट केलं, सासूशी केलं, पाच साहेबांशी केलं. काचेवरच्या डब्याशी करणार नाही.

तक्रारी केल्या की मेसेज यायचा, आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. मी परत करायची. त्यांनी सोडवायची, मी बांधायची. शेवटी नणंदच म्हणाली, “वैनी, फोनवर कवरा भांडशाल? दादालाच घेवून जा त्यांचे समोर. बघू दे ना, कोनाला फसवलाय ते.”

कंपनीचं दुकान सीवूड्स स्टेशनच्या मॉलमध्ये आहे. निघण्याआधी मी यांच्यासमोर बसले. म्हटलं, “अहो, तिथे मी लोकांदेखत तुम्हाला काहीबाही प्रश्न विचारणार आहे. वेडेवाकडे. तुम्हाला वाईट वाटेल. चालेल ना?”

ते म्हणाले, “हो.”

या होचं काय करायचं, मला कळेना. मी त्यांच्या डोळ्यांत बघत राहिले. मग त्यांनी डाव्या हाताने आपली चप्पल पुढे ओढली, तेव्हा मी रिक्षा बोलावली.

दुकानात गारेगार एसी, गुळगुळीत पांढरी टेबलं. मॉलच्या चाकाच्या खुर्चीत यांना बसवून मी थेट मॅनेजरच्या टेबलापर्यंत नेलं. तरुण माणूस, कंपनीचा टी-शर्ट घातलेला, वाईट नव्हता. म्हणाला, “मॅडम, टेन्शन नका घेऊ. पण सिस्टीममध्ये कन्सेंट आहे ना, माझ्या हातात काय नाय.”

“तो कन्सेंट मला ऐकवा.”

त्याने आढेवेढे घेतले. मी यांच्या खुर्चीचा ब्रेक लावला आणि शेजारची खुर्ची ओढून बसले. मागे रांग वाढायला लागली, तेव्हा त्याने कुठेतरी फोन केला आणि कॉम्प्युटरवर ते लावलं. आधी एका मुलीचा गोड आवाज. सर, आपल्याला आमचा नवीन प्लॅन आवडेल? हो. जुनी वायर काढून घेऊ ना, सर? हो. मग ती म्हणाली, थँक यू सर, आपला दिवस शुभ जावो. आणि माझा नवरा म्हणाला, हो.

मॅनेजर माझ्याकडे बघून म्हणाला, “क्लिअर आहे की, मॅडम.”

माझं डोकं फिरलं. मी खुर्ची वळवून यांच्यासमोर आले आणि खणखणीत आवाजात विचारलं, “अहो, आपल्या बाल्कनीत आपण हत्ती पाळलाय ना?”

“हो.”

“हे दुकान तुमच्या वडिलांनी बांधलं ना?”

“हो.”

“हे समोर बसलेत ते चोर आहेत ना?”

“हो.”

रांगेतले लोक हसले. कोणीतरी फोनवर शूटिंग करायला लागलं, त्याच्या अंगावर मी अशी ओरडले की त्याने फोन खिशात घातला. मग मी मॅनेजरला म्हटलं, “आता हा हत्तीसुद्धा तुमच्या सिस्टीममध्ये टाका. सरांनी स्वतः कन्सेंट दिलाय.”

तो लाल झाला. मग त्याने जे विचारलं ते त्याने खवचटपणे विचारलं नाही, त्याला खरंच प्रश्न पडला होता. “मॅडम, सरांचा हो धरायचा नाय, ओके. मग वायर परत लावायला पण मला त्यांचीच परमिशन लागते. आता ते हो बोलले तर तो तरी मी कसा धरू?”

जिंकायच्या नादात मी त्यांचा उरलेला एकुलता एक शब्द भर दुकानात खोटा पाडला होता. हे खाली मान घालून बसले होते. कानाच्या पाळ्या लाल. लोक हसले ते त्यांना समजलं होतं, सगळंच समजत होतं. मला त्या टी-शर्टवाल्याचा राग आला, त्या गोड आवाजाच्या मुलीचा आला, माझा आला. म्हटलं, उठावं आणि यांना घरी न्यावं, राहू दे तो डबा.

मी ब्रेक काढायला वाकले तर यांनी डावा हात टेबलावर ठेवला आणि टेबलाची कड धरली. मी खुर्ची ओढली. सोडेनात.

मॅनेजर थोडा पुढे झुकला. माझ्याकडे न बघता त्याने यांनाच विचारलं, हळू, एकेक शब्द सुटा करून, “सर, नवीन डबा ठेवायचा ना?”

यांचे ओठ उघडले. तो हो मला त्यांच्या तोंडात दिसत होता, निघालाच होता. आणि ओठ मिटले.

मॅनेजरला वाटलं, ऐकू गेलं नाही. त्याने आवाज चढवला. “सर, डबा ठेवायचा ना?”

यांच्या गळ्याची शीर ताठ झाली होती. कपाळावर, त्या एसीत, घाम आला होता. टेबलाच्या कडेवरची बोटं पांढरी पडली होती. ते त्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघत होते. तोंडातून शब्द नाही.

“घ्या लिहून, नको म्हणाले,” मी म्हणाले.

“एक मिनिट, मॅडम,” तो म्हणाला, आणि त्याने तिसऱ्यांदा विचारलं. माझा नवरा ओठ घट्ट मिटून बसला होता.