अर्ध्या बादलीची पैज

आमच्या बोरी अरबच्या आठवडी बाजारात एक पक्की बातमी होती: इंदूबाई ही सरकारनं साध्या पातळात पाठवलेली वजनमापवाली बाई आहे. पुरावेही भरपूर होते. ती घरून स्टीलचे सहा डबे घेऊन यायची. आधी रिकामा डबा तराजूत ठेवायला लावायची, मग माल. वांगं उचलून हुंगायची आणि ठाणेदाराच्या आवाजात विचारायची, "हे कुठचं?" एक कांदेवाला तर ती दिसली की तराजूखालचा दगड हळूच पोत्याखाली सारायचा. किराणावाला तिला खुर्ची द्यायचा.

बातमी खोटी होती. ती कोणी पसरवली हे मी सांगणार नाही; पण ठाणेदाराचा आवाज काढता येणारी पोट्टी आमच्या गल्लीत एकच आहे.

खरं असं की इंदूबाई आमची शेजारीण. मी तिला आजी म्हणते. सव्वीस वर्षं ती अंगणवाडीत मदतनीस होती. डबे कशाला, तर तिला घरात प्लास्टिकची पन्नी नको. "पन्नी फुकट येते, पण जात नाही वं," ती म्हणते. "न बोलावल्या सोयऱ्यासारखी बसून राह्यते. आन् गेलीच तं आपल्याच नालीत जाते."

आणि "हे कुठचं?" यामागं तिचा एक कायदा आहे. आजी आयुष्यात सगळ्यात लांब गेली ती नागपूरला, दीक्षाभूमीवर. म्हणून नागपूरच्या पलीकडून आलेलं फळ ती खात नाही. मी एकदा तिच्यापुढं सफरचंद धरलं.

"माह्यापेक्षा जास्त फिरलेलं फळ मी कायले खाऊ? ते मलेच शिकवीन."

"मंग चहापत्ती? ते तं आसामहून येते आजी!"

"चहा काय फळ हाय काय? चहा औषध हाय," असं म्हणून तिनं बशीतला उरलेला घोट ओढला.

आता तिच्या पळीबद्दल सांगायला हवं. अंगणवाडीत पोरं खिचडी टाकून द्यायची. सगळे म्हणायचे, पोट्टे माजले. आजीनं दोन दिवस नुसतं पाहिलं आणि बाजारातून स्वतःच्या पैशानं एक लहान पळी आणली. "पोट लहान, पळी मोठी. चूक पळीची," असा तिनं निकाल दिला. लहान पळीनं थोडं वाढायचं, पुन्हा विचारायचं, पुन्हा वाढायचं. खिचडी उरेना. नोकरी संपली तेव्हा पळी तिच्याबरोबर घरी आली.

यंदा जानेवारीत आजीच्या नातीचा, उज्ज्वलाताईचा, साखरपुडा ठरला. मुलगा राजदीप, लोहाऱ्याच्या एमआयडीसीत नोकरीला. दोघांनी एकमेकांना आधीच पसंत केलेलं होतं. प्रश्न होता तो राजदीपच्या मोठ्या काकांचा. त्यांचं नाव भगवानराव. त्या घरात होकार असो की नकार, भगवानरावांच्या तोंडूनच निघायचा. उज्ज्वलाताईच्या बाबांनी, म्हणजे उकंडाकाकांनी, साठ पाव्हण्यांसाठी केटरर ठरवला होता: थर्माकोलची ताटं, बाटलीबंद पाणी, प्यायला बाटलीतलं लाल थंड, पनीर.

आजीनं केटररला परत पाठवलं.

"माय, पाव्हण्याईले नाक मुरडाले जागा नको न!" उकंडाकाका कळवळले.

"नाक मुरडाले येऊन राह्यले का जेवाले?"

उज्ज्वलाताई माझ्याकडे येऊन रडली. "उर्वशी, आजी पाव्हण्याईले वांग्याची भाजी वाढनार हाय! त्या काकाजीनं नाही म्हटलं तं? मले दुसरा कोनी नाही पाह्यजे वं."

मी समजूत घालायला आजीकडे गेले आणि समजूत घालायचं सोडून भांडून आले. म्हटलं, "साठ पाव्हणे म्हणजे दोन बादल्या उष्टं पक्कं! पनीर असतं तं लोकाईनं खाल्लं असतं."

"एक बादली ठेवतो," आजी म्हणाली. "अर्धी भरली तं तू जितली. चौकात उभी राहून ते लाल थंड पिऊन दाखवतो तुले."

"मी व्हिडिओ काढीन!"

"काढ. पण नाही भरली, तं सारे ताटं घासाचे आन् ज्याचे त्याच्या घरी नेऊन द्याचे."

ताटं म्हणजे अकरा घरांतून मागून आणलेली त्रेसष्ट ताटं. प्रत्येकावर कुणाचं तरी नाव कोरलेलं, त्यामुळे अदलाबदल झाली तर अकरा घरी भांडण. तरी मी हातावर टाळी दिली. अर्धी बादली तर नुसत्या पोराटोरांच्या उष्ट्यानंच भरते.

पाव्हणे दोन तास उशिरा आले, म्हणून ठरलं की आधी जेवणं, मग अंगठ्या. पंगत बसली. तुरीचे सोले घातलेली वांग्याची भाजी, बेसनाच्या पाटोडीचा रस्सा, पोळ्या, भात, गव्हाची खीर. पिण्याला मठ्ठा. पाव्हण्यांना वाढायला आजी स्वतः उतरली, हातात ती लहान पळी.

भगवानरावांच्या ताटात तिनं एक पळी भाजी टाकली. एवढीशी. पेढ्याएवढी.

भगवानराव ताटाकडे पाहत राहिले. आवाज त्यांचा ट्रॅक्टर सुरू होताना येतो तसा: आधी घशात दोनदा धक्का, मग एकदम मोठा. "हँ... हँ... हे काय बाई? नमुना दाखवून राह्यल्या काय?"

सगळ्या पंगतीच्या माना वळल्या. आत उज्ज्वलाताईनं माझ्या मनगटात नखं रुतवली. उकंडाकाकांच्या हातातली पोळी हातातच राहिली.

आजी हलली नाही. "चाखून पाहा. आवडलं तं मी अथीच हाय."

भगवानरावांनी एक घास घेतला. आजी पुन्हा आली. एक पळी. पुन्हा आली. "मीठ बराबर हाय न बापू?" पुन्हा. "रस्सा तिखट तं नाही झाला?" ती रांग संपवायची, वळायची आणि परत त्यांच्यापुढं उभी. मी आतून मोजत होते. नवव्या वेळी भगवानरावांनी ताटावर हात आडवा धरला. घशात दोन धक्के बसले. उज्ज्वलाताईनं डोळे मिटले.

"माह्या सोताच्या लग्नात मले इतक्या वेळा कोनी विचारलं नव्हतं," भगवानराव म्हणाले. "राजदीप, अंगठी काढ बाहेर बे!"

आणि त्यांनी शेवटच्या पोळीच्या तुकड्यानं ताट असं पुसलं, की त्यावर कोरलेलं नाव लांबून वाचता आलं. काकाजींचं ताट लख्ख, म्हटल्यावर बाकीच्या पाव्हण्यांची काय हिंमत? अंगठ्या झाल्या. उज्ज्वलाताई हसत होती आणि माझ्या मनगटावर चार चंद्रकोरी होत्या.

मी मात्र धावत बादलीकडे गेले. आत काय? मिरच्यांचे देठ, कढीपत्ता, लिंबाच्या साली. बूडही झाकलं नव्हतं.

घरच्यांची पंगत अजून राहिली होती. मी शेवटच्या कोपऱ्यात बसले आणि आजीची नजर चुकवून मोठ्या डावानं ताटभर भात घेतला, वर सहा पाटोड्या, वर रस्सा, बाजूला दोन वाट्या खीर. खायचं नव्हतंच. माझ्या मागं अजून पाच पोरं बसलेली, त्यांनाही शिकवून ठेवलं होतं. दोन घास चिवडून उठले आणि ताट घेऊन निघाले.

बादलीशेजारी स्टूल होतं. स्टुलावर आजी होती.

"काय वं उर्वशे?" चार वर्षांच्या पोराशी बोलावं तसा मऊ आवाज. हा आवाज मला आजवर काढता आलेला नाही. "पोट दुखते काय माह्या बाईचं?"

"नाही."

"मंग बस अथी. हळूहळू खा. मी कुठी जात नाही."

माझी शिकवलेली पाच पोरं ते पाहून जागच्या जागी खाली बसली आणि भराभर गिळायला लागली. मी सहाच्या सहा पाटोड्या खाल्ल्या. भात खाल्ला. खीर खाल्ली, दोन्ही वाट्या. आजी मधून मधून "शाबास" म्हणत होती.

मग त्रेसष्ट ताटं आली. पोट इतकं तट्ट भरलं होतं की मोरीवर उकिडवं बसताच येईना. सगळी उभ्यानं घासली.