शनिवारची छत्री

रत्नागिरीत माझ्या सासऱ्यांच्या रागाला कोणी भीत नसे. सारं गाव भीत असे ते त्यांच्या पश्चात्तापाला. रागावले तर ते मिशन शाळेतल्या मास्तरकीच्या जुन्या सवयीने बोटं मोडत आणि दोन घटकांत विसरून जात. पश्चात्ताप झाला की मात्र छत्री उचलत. आमच्या ख्रिस्ती मंडळीत महिन्यातून एकदा प्रभुभोजन असे, आणि भावाशी समेट केल्याशिवाय वेदीपाशी जाऊ नये, ही प्रभूची शिकवण मामांनी (मी त्यांना मामाच म्हणे) अशी काही मनावर घेतली होती की, आदल्या शनिवारी दुपारी ती काळी छत्री जांभ्याच्या कुंपण-गडग्यांवरून डुलत येताना दिसली, की लोक घाईघाईने आपलं काय चुकलं ते आठवू लागत. चुकलेलं असे मामांचंच, पण ते ऐकावं लागे लोकांना.

कारण मामा क्षमा मागत ती मनात आलेल्या पापांची. शेजारच्या बागाईतदार वकिलांकडे जाऊन ते म्हणाले, की तुमच्या हापूसवर माझी वासना गेली, क्षमा असावी. वकील भला माणूस. त्यांनी टोपलीभर आंबे पाठवले. पुढच्या महिन्याच्या शनिवारी मामा पुन्हा हजर: आंबे आंबट निघाले तेव्हा मनात तुम्हाला कवडीचुंबक म्हटलं, तेवढीही क्षमा करा. मासळीवालीला त्यांनी गाठून सांगितलं, की परवा सुरमई ताजी आहे म्हणालीस तेव्हा मी तुला मनातल्या मनात खोटारडी म्हटलं. ती टोपली न उतरवता म्हणाली, "मासा पोटात गेला ना, मास्तर? मग मनातलं मनातच ठेवा." माझ्यावरही हा प्रसंग आला. लग्नाला महिना झाला नव्हता. मामा आले, पाणी प्यायले आणि गंभीरपणे म्हणाले, "जावईबापू, सुपारी फुटली त्या दिवशी तुम्हाला पाहून मनात आलं, की मुलाचा चेहरा फणसाच्या उकडलेल्या आठळीसारखा आहे. मला क्षमा करा." मी केली. माझ्या बायकोने मात्र ती आठळी आजतागायत सोडलेली नाही.

बाकी माणूस मोठा रसिक. धोतर, पगडी आणि उपरणं ख्रिस्ती झाल्यावरही सुटलं नाही. चर्चच्या पायरीवर ते वहाणा काढत, आणि बूट घालून आत जाणाऱ्यांकडे अशा नजरेने पाहत की त्याचीही क्षमा शनिवारी मागावी लागे. त्यांची एकच तळमळ होती: नाताळात आपल्या चर्चमध्ये येशूच्या जन्माचं कीर्तन व्हावं, टाळ-मृदंगासह, आणि ते आपण उभं राहून करावं. "देवाने मला ओवीत वाढवलं," ते म्हणत, "मग त्याच्यापुढे मी परक्या चालीत का रडू?" पाळकसाहेब घाटावरचे, शिस्तीचे; त्यांना पेटीसुद्धा जरा मोठीच वाजते असं वाटे. वर्षभर विनवण्या झाल्या आणि एकोणीसशे तीसच्या सुमारास एका हिवाळ्यात ते एकदाचे हो म्हणाले. मामांनी देवरूखच्या मृदंगवाल्याला सांगून ठेवलं. आणि मग, हाय रे दैवा, शनिवार आला.

मी सोबत होतो, म्हणून सांगतो. पाळकसाहेबांच्या ओटीवर मामा हात जोडून उभे राहिले. डोळ्यांत पाणी. म्हणाले, तुम्ही इतके उदार, आणि मी पापी वर्षभर तुमच्या प्रवचनात बसून काय म्हणत होतो, तर हे प्रवचन म्हणजे भिजत घातलेले कुळीथ आहेत, रविवारमागून रविवार गेले तरी मोड काही येत नाहीत. पाळकसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. क्षमा त्यांनी केली, धंद्याचाच भाग तो. पण देवळात मृदंग नको, असं सांगून ते आत गेले. दारात राहिल्या पाळकीणबाई. त्या शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही असेल तर जा, असं लिहिलंय. ह्यांच्या मनात काही नव्हतं हो. तुम्ही येऊन घालून गेलात."

पुढच्या महिन्याचा शनिवार उजाडला, पण छत्री खुंटीवरच. मी विचारलं, तेव्हा पायरीवर बसून ते हळूच म्हणाले, "क्षमा मागताना मला गोड लागायचं, जावईबापू. शिवी पोचायची आणि वर पुण्यही मिळायचं. चाळीस वर्षं शाळेत पाप शिकवलं, पण हे ओळखलं नाही." त्यानंतर प्रवचनात ते पहिल्या बाकावर बसत आणि खाली मान घालून ऐकत. कीर्तनाचा विषय त्यांनी काढला नाही. फक्त टाळ फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकले.

नाताळच्या आदल्या शनिवारी मी मामांकडे असताना वाटेवर एक छत्री दिसली. ती पाळकसाहेबांची होती. ओटीवर येऊन ते अवघडून म्हणाले, "मास्तर, तुमच्या मनात माझ्याविषयी काही असेल तर आज मोकळं करा."

मामांचं तोंड उघडलं. सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडात धरला. मामांचं तोंड मिटलं.

"काही नाही, पाळकसाहेब. चहा घ्या."

पाळकसाहेबांनी चहा घेतला, अगदी बशीत ओतून, आणि उठताना म्हणाले की देवरूखला निरोप धाडा. ते गेल्यावर मामा कासावीस झाले: हे तर मी खोटं बोललो, आता ह्याची क्षमा कोणाकडे मागू? "देवाकडे," सासूबाई म्हणाल्या, "आणि मनातल्या मनात."

कीर्तन झालं. पाळकसाहेबांचा पाय बुटात ताल धरत होता, तो मी पाहिला. वकील खिडकीशी उभे होते, मासळीवाली पायरीवर.

शेवटच्या दुखण्यात मी उशाशी बसलो होतो. मामांनी माझ्या चेहऱ्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. डोळ्यांत ती जुनी चमक आली, ओठ हलले. मी पुढे वाकलो.

"नाही सांगत," ते म्हणाले, आणि हसले.

आता शनिवारी दुपारी गडग्यापाशी पाचोळा वाजला की मी अजून बाहेर येऊन बघतो. काय सुचलं होतं त्यांना, एकदा कळलं असतं तर बरं झालं असतं. आठळीहून चांगलं काहीतरी नक्कीच असणार.