अँब्लिगोनाइट आणि मामा

दगड हातात आला की मामा डोळे मिटायचे, तळवा दोनदा खालीवर करायचे आणि म्हणायचे, "डोळे फसतेत सर, हात फसत न्हाई."

मामा म्हणजे बीडमधल्या आमच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या प्रयोगशाळेचे शिपाई. मी तिथला प्राध्यापक, म्हणजे कागदोपत्री जास्त शहाणा.

आपल्याकडं जिकडं बघाल तिकडं काळा पाषाण. त्यामुळे परमुलखातून आलेल्या एका पांढऱ्या दगडाचं मामांना भारी कौतुक. अँब्लिगोनाइट त्याचं नाव. पेग्मटाइट नावाच्या भरड खडकात क्वचित मिळणारं फॉस्फेट खनिज. दिसायला मात्र हुबेहूब फेल्डस्पार या साध्या खनिजासारखं, फक्त हाताला थोडं जड. मामा त्याला 'पावणा' म्हणत. जावयाचीसुद्धा कुणी एवढी बडदास्त ठेवत नसेल.

आमची पोरं हुशार. ती दगड ओळखायची नाहीत, डबा ओळखायची. निळा डबा म्हणजे अँब्लिगोनाइट, झालं!

एका वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेत सगळ्यांनी तेच लिहिलं. पाटोद्याच्या एका मुलीनं तेवढं 'फेल्डस्पार' लिहिलं. मी लाल रेघ मारली. तेवढ्या गुणांनी ती नापास होत होती, म्हणून रडायला लागली. मामांनी तो दगड उचलला, डोळे मिटले आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर जाऊन उभे राहिले.

"सायेब, त्या लेकीचं बरोबर हाय. पुसताना माज्या हातून दगड बदलले."

तपासणी झाली. मुलगी पास झाली. मामांना मात्र, निवृत्ती दोन महिन्यांवर असताना, मेमो मिळाला.

आता खरं सांगतो. दगड मी बदलले होते. आदल्या दिवशी कुणाला तरी दाखवायला काढले आणि घाईत भलत्याच डब्यांत टाकले. त्या दिवशी कपाटाची चावी माझ्याकडंच होती, हे मामांना पक्कं ठाऊक होतं. मी तिथं मिठाची गुळणी धरून उभा होतो.

नंतर विचारलं तर म्हणाले, "तुमाला अजून लई वर्षं पोरांम्होरं उभं ऱ्हायचंय, सर. माजे काय, दोन म्हैने."

मला लाज वाटली. आणि सुटल्यासारखंही वाटलं, हेही कबूल करतो.

गेल्या वर्षी मामा वारले. घरी भेटायला गेलो, तेव्हा मामींनी पेटीतून तो मेमो काढून माझ्यापुढं धरला.

"सर, खरंच चुकलतं का हो त्यांचं?"

"नाही मामी. माझं चुकलं होतं."

मामींनी मेमोची घडी घातली. मग म्हणाल्या, "मंग ते जित्ते असताना हे चारचौघांत बोलायचं हुतं, सर."