केटोची रिकामी कबर

मेबेथ पर्व्हिसनं लहानपणापासून एकच गोष्ट ऐकली होती. अमेरिकेच्या यादवी युद्धात खापरपणजोबा दक्षिणेकडून लढताना पडले, तेव्हा त्यांच्या केटो नावाच्या गुलामानं त्यांना घोड्यावर घालून घरी आणलं. पुढे स्वातंत्र्य मिळालं तरी तो कुठं गेला नाही; धन्याच्या पायाशीच त्याला पुरलं. मिसिसिपीतल्या त्यांच्या घरच्या दफनभूमीत 'विश्वासू केटो' असा दगडच होता.

शाळेच्या स्वयंपाकघरात तिच्याबरोबर राबणारी ओझेला रँकिन केटोच्या वंशातली. एकदा मक्याचा पाव कापता कापता ती म्हणाली, "त्या दगडाखाली कुणी नाहीये, बरं का. केटो पळाला होता. उत्तरेच्या, गुलामी मोडणाऱ्या निळ्या फौजेत शिरला."

मेबेथच्या कपाळाला आठी पडली. हिला आत्ताच हे का सुचावं? आमच्या जमिनीवर डोळा आहे की काय? काही दिवस ती ओझेलाशी कामापुरतंच बोलली. पण मनात किडा वळवळायला लागला होता. शेवटी ती लुएला आत्याकडे गेली.

"आत्या, केटोला बायको होती?"

"असेल. आम्ही नाही असलं विचारलं."

"त्यानं प्रेत आणलेलं पाहिलं कुणी?"

"चहातला बर्फ वितळतोय, पी आधी."

मेबेथला आता ओझेलापेक्षा आत्याचाच संशय यायला लागला.

पुढच्या वर्षी रस्ता रुंद व्हायचा म्हणून कबरी हलवायची वेळ आली. मेबेथनं ओझेलालाही बोलावलं. कामगारांनी केटोच्या दगडाखाली पुरुषभर खणलं. घट्ट पिवळी माती. मुकादम म्हणाला, "बाई, इथं आजवर कुदळ लागलेलीच नाही."

"हाडं कुजली असतील," आत्या म्हणाली.

"हाडं कुजतील, आत्या. खड्डा कसा कुजेल?"

नव्या जागी मेबेथनं तो दगड लावू दिला नाही. आत्यानं बोलणं टाकलं. खापरपणजोबांच्या तलवारीची गोष्ट, शेतात आनंदानं गाणाऱ्या गुलामांची गोष्ट, घरी ऐकलेलं सगळंच मेबेथला आता खोटं वाटायला लागलं. तिनं ओझेलाला केटोची हकिगत विचारली.

"कशाला हवीय तुला?" ओझेलानं डोळे बारीक केले. "पुन्हा दगडावर कोरायला?"

"नाही. नुसती ऐकायला."

ओझेलानं पुसायला पुढचं भांडं घेतलं. मग म्हणाली, "बायकोचं नाव हेस्टर. तुझ्याच खापरपणजोबांनी विकली तिला. लेकराला मागं ठेवून तिला हुडकायलाच तो पळाला."

"सापडली?"

"नाही."

मेबेथनं दुसरं फडकं घेतलं आणि तिच्या शेजारी उभी राहिली. ओझेलानं तिला ये म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.