हराळीतलं टपाल

महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास आमच्या वावराजवळून मेहकरकडे जाणाऱ्या रस्त्याला तारेचे खांब उभे राहिले. तारेतून बातमी जाते, असं बाबांनी जेवताना सांगितलं. माझ्या थोरल्या बहिणीला त्याचं काही विशेष वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी कपाशी निंदताना तिने हराळीची एक मुळी ओढली, ती निघत निघत धुऱ्याच्या बांधापलीकडे शेजाऱ्याच्या वावरात गेली. "तार कायची," ती म्हणाली, "खरं टपाल इच्यातून जाते."

तेव्हापासून आम्ही दोघींनी जमिनीखाली एक मुलूख वसवला. तिथे बीबी गावापासून पार कुठवर हराळीच्या मुळ्यांतून बातम्या धावत. त्या बातम्यांच्या वाईटावर डोलकी असत. डोलकं माणसाच्या मानेवर येऊन बसतं, दिसत नाही. ते बसलं की माणूस डोलकं सांगेल तसं बोलतो, वागतो, आणि त्याला वाटतं, हे आपल्याच मनातलं. अर्ध्या गावावर आम्ही डोलकी बसवून टाकली होती. मास्तर, आत्या, बाजारातला कापडवाला, कोणालाच सोडलं नाही. रचायची ती, मी नुसती "मंग?" म्हणत पुढे सरकायची. मला दुसरी मैत्रीण नव्हती आणि हवीही नव्हती.

मग तिला पिंपळगाव राजाला दिली. निघताना बायांची रडारड चालली होती. वऱ्हाडाच्या मोटारीत चढता चढता ती माझ्या कानाशी वाकली.

"धुऱ्याची हराळी राहू देजो. मी तिकून बोलीन."

शेतकऱ्याच्या घरात कोणी मुद्दाम हराळी राखतं का? मी राखली. धुऱ्याजवळचा कोपरा निंदायला मीच पुढे व्हायची आणि वरवर पातं कापायची, मुळीला हात लावायची नाही. पावसाळा सरेपर्यंत ती कपाशीत घुसली. बाबांनी विचारलं तेव्हा खुरप्याला धार नाही म्हणून सांगितलं. त्यांनी बिचाऱ्यांनी लोहाराकडून धार लावून आणली.

काम आटोपलं की मी त्या कोपऱ्यात जाऊन बसायची, मुळी बोटांत धरून. तिच्यातून काही ऐकू येणार नाही, एवढी अक्कल मला होती. तरी बसायची. घरात माझ्याशी सगळे बोलत, पण कामापुरतं. पाणी आण, ढोरं बांध, दिवा पूस. पुढे आयुष्यात पुष्कळ काही सोसलं, पण त्या चार महिन्यांइतकी एकटी मी कधीच नव्हते, नवरा गेला तेव्हाही नाही.

दिवाळीला ती माहेरी आली. हातभर बांगड्या, अंगाने भरलेली. आईने तिला दोन दिवस स्वयंपाकघरातून उठू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी तिला ओढतच मी वावरात नेलं. चार महिन्यांच्या बातम्या साठवून ठेवल्या होत्या मी, कुठली आधी सांगू असं झालं होतं.

कोपऱ्याशी येऊन ती थांबली.

"बाई माय, एवढी हराळी काऊन वाढू देली वं?"

माझ्या हातातलं खुरपं घेऊन, लुगडं खोचून ती खाली बसली. सासूने चांगलं शिकवलं असावं. मुळीमागोमाग माती उकरत ती एकेक कांडी काढत गेली, आणि तोंडाने सासरच्या म्हशीचं, जावेच्या तोऱ्याचं सांगत राहिली. मी तिच्या मानेकडे बघत होते. मनात म्हणत होते, देवा, निदान डोलकं तरी बसलेलं असू दे, म्हणजे हे ती करत नाहीये. पण ती माझी बहीणच होती. मधेच तिने वर पाहिलं आणि हसली, अगदी तसंच, जसं ती फक्त माझ्याकडे बघून हसायची.

"उभी काऊन राह्यली? उचल, अन् धुऱ्यावर उन्हात टाक. नाही त पुन्हा जीव धरते."

मी ओंजळीने उचलली आणि उन्हात पसरत गेले.